पुतळ्याच्या अंगावरचं लुगडं माझं आहे : मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातली, कोल्हापुरी पायताणाची वेणी घालणारी बाई. बत्तीस वर्षं हेच काम करते. पत्र मुलानं लिहून काढलंय, बोल माझे आहेत.

गेल्या मंगळवारी तुमच्या माणसांनी आम्हाला बोलावून कोल्हापुरी चपलेच्या ‘अनुभव केंद्रा’चा आराखडा पडद्यावर दाखवला. आत शिरताच बोगद्यासारखी अंधारी वाट. दोन्ही भिंतींवर चित्रफीत, बाभळी, म्हशींच्या गळ्यातल्या घंटा. पुढं यंत्रातून कमावलेल्या कातड्याचा वास सोडणार. फोटो काढायला माणसाच्या उंचीची चप्पल. शेवटच्या दालनात कारागिराचं घर, आणि त्यात हिरवं लुगडं नेसलेला फायबरचा पुतळा. लुगडं माझं आहे. एक पाय मुडपून बसायची ढबसुद्धा माझी. दोन वर्षांमागं हीच माणसं चार दिवस आमच्या सोप्यात बसून माझे फोटो काढून गेली होती. तेव्हा शब्द दिला होता, की केंद्रात दहा घरं बसून काम करतील, रोजच्या हजेरीचे पैसे मिळतील, माल तिथंच विकला जाईल. मंगळवारी मी उभी राहून विचारलं, आम्ही यात कुठं आहोत? उत्तर आलं, “रोज माणसं बसवणं परवडत नाही, पुतळ्याला खर्च कमी.”

साहेब, आधी त्या वासाचं बोलते. शाळेत मला मागच्या भिंतीला वेगळं पोतं टाकून बसवायचे, अंगाला कातड्याचा वास येतो म्हणून. चौथीत शाळा सुटली ती त्याच पायी. लग्न होऊन इथं आले, तर गिरणीत आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी. आता तोच वास घ्यायला लोक तिकीट काढून येणार, आणि ज्यांच्या अंगाला तो जन्मभर चिकटला त्यांना आत जागा नाही. त्या रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

आणि तो वास यंत्रात भरायचा तरी कसा? म्हशीचं कातडं चुन्यात भिजवून केस काढायचे, त्याची पिशवी शिवायची, बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी आत ओतून टांगायची. पाणी झिरपेल तसं पुन्हा ओतायचं. त्यात आठवडेच्या आठवडे जातात. मग आमचे घरधनी रापीनं, म्हणजे कातडं कापायच्या पात्यानं, तळ कापणार, दगडावर ठोकणार. शिवण चामड्याच्याच दोरीची, खिळा एक नाही. शेळीच्या मऊ कातड्याच्या वाद्या, म्हणजे बारीक पट्ट्या, काढून वेणी मी घालते. पट्टा, कान, अंगठा जुळला की वर गोंडा. पाहुण्याला काही दाखवायचंच असेल तर त्याच्या हातात चार वाद्या द्या आणि माझ्या शेजारी बसवा. पहिली वेणी वाकडीच येईल. पण बोटं दुखली की कळेल, दुकानात पंधराशेला मिळणारी जोडी व्यापारी आमच्याकडून साडेचारशेला उचलतो म्हणजे काय ते.

तुमच्या सल्लागारांनी परदेशातली उदाहरणं दाखवली. डब्लिनचं गिनेस स्टोअरहाऊस, इंग्लंडमधलं कॅडबरी वर्ल्ड. मुलाला म्हटलं, बघ रे मोबाईलवर. कॅडबरी वर्ल्ड १९९० साली झालं ते बोर्नव्हिलच्या चॉकलेटच्या कारखान्याला लागूनच. गिनेसचं २००० साली, बिअर आंबवायच्या जुन्या इमारतीत, आणि १७५९ पासूनचं त्यांचं काम त्याच आवारात अजून चालू आहे. म्हणजे आधी कारखाना, मग त्याच्या अंगणात पाहुणा. आमच्या गल्लीत मी आले तेव्हा चाळीस घरं पायताण करायची. आता सहा उरलीत, सात धरा. हीसुद्धा बंद पडली तर तुमच्या चित्रफितीत दाखवायला काय राहील?

बंद का पडतायत तेही ऐका. २०१९ ला कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव ठरलेल्या जिल्ह्यांतल्या मालालाच. चार जिल्हे महाराष्ट्राचे, चार इकडचे : बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. कागदावर आम्ही आलो, पण कातडं कुठाय? कर्नाटकाच्या २०२० च्या कायद्यानं तेरा वर्षांखालची म्हैस कापता येत नाही. कायदा करणाऱ्यांनी आमच्या तळाला लागणारं कातडं कुठून यायचं याचा विचार केला होता का? २०२२ च्या जानेवारीत हजारच्या आतल्या चपलेचा जीएसटी पाचावरून बारा टक्के केला, तो पुन्हा पाचावर यायला २०२५ चा सप्टेंबर उजाडला. मधल्या पावणेचार वर्षांत व्यापाऱ्यानं तो फरक आमच्याच मजुरीतून कापला. योजनेसाठी महाराष्ट्रात गेलं तर म्हणतात तुम्ही कर्नाटकातले, इथं विचारलं तर म्हणतात कोल्हापुरी त्यांची. अर्ज कानडीत, मला वाचता येत नाही, भरून देणारा दोनशे रुपये घेतो. महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तो निकाल लागेपर्यंत माझी बोटं थांबणार नाहीत, ती आत्ताच आखडायला लागलीत.

२०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानमध्ये आमच्यासारखी चप्पल दाखवली आणि आमचं नाव घेतलं नाही, तेव्हा दोन्हीकडचे पुढारी कारागिरासाठी बोलले. मला बरं वाटलं होतं. पण माझं लुगडं, माझी बसायची ढब मला न विचारता पुतळ्याला घातली, हे त्यापेक्षा वेगळं कसं? तिथं निदान लोक परके होते.

माझं मागणं एवढंच. तो पुतळा काढा आणि त्या दालनात सहा घरांना बसू द्या. हजेरी ठरवून लेखी द्या, मराठीत. केंद्राच्या मागं कातडं कमावायची जागा आणि पाणी द्या. अंधारी वाट, घंटा, मोठी चप्पल, ते सगळं नंतर करा, माझी हरकत नाही.

आणखी एक. फोटो काढायला आलेल्यांनी आत्याबाईंची, माझ्या सासूची, रापी “मांडायला” म्हणून नेली. पातं झिजून बोटभर राहिलेलं, मुठीला त्यांच्या हाताचा खळगा पडलेला. पावती दिली नाही. मंगळवारी विचारलं तर कुणालाच माहीत नव्हतं. आत्याबाई ब्याऐंशीच्या आहेत, रोज विचारतात. हिवाळी अधिवेशनाला तुम्ही बेळगावला याल. मी सुवर्णसौधाच्या, तिथल्या विधानभवनाच्या, दारात येईन. तेव्हा ती रापी घेऊन या.

आपली,
पायताणाची वेणी घालणारी एक बाई
निपाणी तालुका, जि. बेळगाव