मधल्या तीस स्थानकांचे काय?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या कालच्या अंकातील इंदूर–मनमाड रेल्वेमार्गावरील लेख मी दोनदा वाचला. मुंबईचे अंतर किती घटेल, पीथमपूरच्या कारखान्यांचा माल आणि नाशिकचा कांदा किती लवकर पोहोचेल, याचा सविस्तर हिशेब त्यात आहे. परंतु वाटेतल्या गावांचा माणूस या गाडीत केव्हा बसणार, याबद्दल एक ओळही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

माझे माहेर धुळ्याचे. सोळा वर्षांपूर्वी वैशाखात संध्याकाळी मोठा भाऊ गेल्याचा फोन आला. इंदुराहून धुळ्याला थेट गाडी नाही. रेल्वेने जायचे तर दूरचा वळसा घालून गाड्या बदलत जावे लागते, म्हणून आम्ही रात्रीची बस धरली. बिजासन घाटात एक ट्रक उलटला होता. पुढे-मागे वाहनांची रांग, प्यायचे पाणी संपलेले, आणि मी उजाडेपर्यंत त्या खिडकीशी बसून होते. वहिनींनी शक्य तेवढा वेळ सर्वांना थांबवून धरले होते, पण दिवस भर उन्हाळ्याचे. मी दुपारी पोहोचले तेव्हा मंडळी स्मशानातून परतली होती. भावाचे मुखदर्शन मला झाले नाही.

म्हणूनच २ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ३०९ किलोमीटरच्या या मार्गाला मंजुरी दिली, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली होती. तीस नवी स्थानके, सुमारे एक हजार गावे आणि तीस लाख लोकांची सोय, असे तेव्हा सांगण्यात आले. त्याबरोबरच वर्षाला २.६ कोटी टन जादा मालवाहतुकीचा आकडाही आला. माल जावा, त्याला माझा मुळीच विरोध नाही, कारण १८,०३६ कोटी रुपयांचा खर्च त्याशिवाय भरून निघणार नाही. मात्र मालगाड्या आणि लांब पल्ल्याच्या जलद गाड्या वाढल्या, की प्रत्येक स्थानकावर थांबणारी गाडी बाजूच्या रुळावर तासन्‌तास उभी ठेवली जाते, हे प्रवासी रोज अनुभवतात.

येथे आणखी एक गोष्ट लिहिल्यावाचून राहवत नाही. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, म्हणून खांडव्याहून इंदुरापर्यंत रेल्वे आली. त्याच मार्गावरील महू ते ओंकारेश्वर रोड ही मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांवरची, गाडी रूळ रुंद करण्यासाठी २०२३ मध्ये बंद झाली, आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या घाटातल्या लोकांची वाट तेव्हापासून तुटली आहे. पातालपाणी–कालाकुंड दरम्यान पर्यटकांसाठी गाडी चालवली जाते, तिचे कौतुक आपण छायाचित्रांसह छापता. घाटातल्या या लोकांविषयीही छापावे.

इंदुराहून सकाळी निघून दुपारपर्यंत धुळ्याला आणि पुढे मनमाडला पोहोचणारी, तिसाही स्थानकांवर थांबणारी साधी पॅसेंजर गाडी मार्ग सुरू होईल त्या पहिल्याच दिवसापासून वेळापत्रकात असेल काय, असे आपण रेल्वे प्रशासनाला लेखी विचारावे आणि येईल ते उत्तर याच पानावर छापावे, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली नित्य वाचक,
रामबाग, इंदूर