तुझा पुसलेला एफ

धनकवडी, पुणे

चि. ओम,

अनेक आशीर्वाद. सोबतच्या डब्यात चकल्या आहेत, खोलीतल्या सगळ्यांना दे. आता जे लिहिणार आहे ते फोनवर मला नीट बोलता आलं नसतं, म्हणून पत्र.

मागच्या महिन्यात आजोबांची चेतक स्कूटर भंगारवाल्याने टेम्पोत चढवली. मोठ्या काकांनी तिचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. कुणी हात जोडले, कुणी रडका चेहरा टाकला, आणि तू सांगलीहून एकच अक्षर लिहिलंस : एफ. काका भडकले. आजोबांच्या गाडीला नापास करतोस की शिवी देतोस, असं त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. मी रात्री तुला फोन केला आणि काहीही न विचारता ते काढून टाकायला सांगितलं. तू फक्त ‘बरं’ म्हणालास. ते ‘बरं’ मला अजून ऐकू येतं.

परवा खालच्या मजल्यावरचा चिकू विरजण मागायला आला होता. त्याला मी सहज ही गोष्ट सांगितली. तो पातेली हातात धरून उभाच राहिला. म्हणाला, “काकू, एफ म्हणजे नापास नाही. एफ म्हणजे सलाम.”

मग मी शोधून वाचलं. 2014 साली आलेल्या ‘कॉल ऑफ ड्यूटी : अ‍ॅडव्हान्स्ड वॉरफेअर’ या गेममध्ये एका सैनिकाचा अंत्यविधी आहे. खेळणारा आपल्या मित्राच्या शवपेटीसमोर येतो आणि संगणकावर खेळत असेल तर पडद्यावर सूचना दिसते, आदरांजली वाहण्यासाठी एफ दाबा. दुःख एका बटणावर आणून ठेवलं, म्हणून खेळणाऱ्यांनी त्या सूचनेची भरपूर टिंगल केली. टिंगल करता करता अक्षर तोंडात बसलं. कुणाचा मोबाइल फुटला, एफ. कुणी जिंकता जिंकता हरला, एफ. पुढे खरोखरीचं कुणी आवडतं माणूस गेलं तरी लोक एफ लिहू लागले. थट्टेचं अक्षर शोकालाही चालायला लागलं. मला यात काही वावगं दिसत नाही. आजोबांच्या तेराव्याला आपल्याच हॉलमध्ये काकांनी त्यांची नक्कल करून दाखवली होती, सकाळी चेतक आधी एका बाजूला तिरकी करायची, मग किक मारायची, मग तिला ‘चला बाईसाहेब’ म्हणायचं. सगळे पोट धरून हसले आणि सगळ्यात जास्त काकाच रडले. तू त्या फोटोखाली तेच केलं होतंस, तुझ्या भाषेत.

ते अक्षर मी याआधीही एकदा पाहिलं होतं. 2 सप्टेंबर 2020 ला सरकारने पबजी मोबाइल या तुमच्या लढाईच्या खेळावर बंदी घातली. तू सातवीत होतास, शाळा मोबाइलवरच चालू होती. रात्री तुझ्या गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर पेनाने गिरवून गिरवून काढलेला मोठा एफ मला दिसला. मला वाटलं तुला नापास व्हायची भीती वाटतेय, म्हणून मी तुला जवळ घेऊन परीक्षेबद्दल समजावत बसले. तू ऐकून घेतलंस. तुझे चार मित्र रोज संध्याकाळी ज्या एकाच ठिकाणी भेटू शकत होते ते ठिकाण त्या दिवशी बंद झालं होतं. पुढच्या वर्षी जुलैत तो खेळ बीजीएमआय या नावाने परत आला, तेव्हा तू का नाचलास हे मला आता नीट कळतं.

त्या काळात तुझ्या खोलीच्या दाराला लागूनच माझं टेबल होतं. मुद्रितं तपासण्याचं काम घरी आलेलं, आणि कान रिकामे. ऐकलेले शब्द मी एका वहीत लिहून ठेवायचे. तुला हे कधी सांगितलं नाही. ‘नॉक झालो’, ‘कव्हर दे’, ‘लॅग मारतोय’, ‘झोनमध्ये ये ना भावा’, ‘पोचिंकीत उतरू नको, वाट लागेल’. नॉक म्हणजे गोळी लागून पडणं, मग सोबत्याने येऊन उठवायचं. झोन म्हणजे खेळातली आक्रसत जाणारी सुरक्षित जागा, आणि पोचिंकी हे त्या खेळातलं एक गाव. एक मुलगा लपून बसून गोळ्या घालायचा, त्याला तुम्ही आधी कॅम्पर म्हणत होतात, दोन दिवसांत त्याचा कॅम्पऱ्या झाला. नूबचा, म्हणजे नवख्याचा, नूबड्या झाला. वीस वर्षं मी लोकांचं मराठी तपासते आहे, तेव्हा हे अधिकाराने सांगते. परका शब्द घेऊन त्याला आपल्या आईच्या भाषेचं शेपूट लावता येणं ही भाषा बिघडल्याची खूण नव्हे, ती अंगात मुरल्याची खूण आहे.

आणि तुमच्या जगाने मुद्रणदोषांना दिलेला मान तर माझ्या धंद्यात कुणी देत नाही. 1989 चा ‘झीरो विंग’ नावाचा जपानी गेम. तो युरोपात गेला तेव्हा त्यातल्या संवादांचं इंग्रजी भाषांतर इतकं गंडलं की ‘ऑल युवर बेस आर बिलाँग टू अस’ असं वाक्य तयार झालं. दहाएक वर्षांनी ते जगभर पसरलं आणि गेम विसरलेल्यांनाही ते वाक्य पाठ आहे. समोरच्याला पुरतं हरवलं या अर्थाचा तुमचा ‘पोन्ड’ हा शब्द तर ‘ओन्ड’ लिहिताना बोट शेजारच्या बटणावर पडून झाला असं मानतात. कीबोर्डवर ओ आणि पी शेजारीशेजारी असतात, मी बघितलं. माझ्या हातात ते मुद्रित आलं असतं तर मी लाल पेनाने चूक सुधारली असती आणि एक शब्द जन्मायचा राहिला असता.

चिकन डिनरची आठवण मात्र निघतेच. संकष्टीच्या दिवशी तू आतून ‘चिकन डिनर झालं!’ म्हणून ओरडलास आणि आजीने देवापुढची पूजा थांबवून मला हाक मारली. तुझं जिंकल्याचं वाक्य ते. मूळचं अमेरिकेतल्या जुगाऱ्यांचं म्हणतात, मग पबजीत शंभर जणांतून शेवटी उरलेल्याच्या पडद्यावर येणारं, आणि तिथून धनकवडीत. हे अंतर फार वाटतं, पण तुझे आजोबा विटीदांडू खेळताना वकट, लेंड, मूंड, नाल असं मोजायचे. तेलुगूत एक ते चार आकडे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु असे आहेत. आजोबांना तेलुगूचं अक्षर येत नव्हतं, त्यांच्या वडिलांनाही नाही. खेळाबरोबर शब्द आले आणि राहिले. आम्ही कसब्यातल्या वाड्यात डबा ऐसपैस खेळायचो, त्यातलं ऐसपैस हे इंग्रजी ‘आय स्पाय’वरून आलं म्हणतात, आम्ही मात्र ते अस्सल मराठी समजूनच ओरडायचो. पाणी प्यायला जायचं असलं की मुठीला ओठ लावून ‘टँप्लीज’ म्हणायचं, मग कुणी आउट करायचं नाही. तुमचं एएफके, कीबोर्डपासून दूर, ते हेच. फरक एवढाच की टँप्लीज म्हणणाऱ्याला आमच्यात कायद्याने अभय होतं आणि एएफके लिहिणाऱ्याला तुमच्यात गोळी लागते. याबाबतीत आमचा खेळ चांगला होता.

आता एक गोष्ट जी मला तेव्हा लागली होती. चिकू तेव्हा सात वर्षांचा होता, त्याच्या बाबांचा मोबाइल घेऊन तुमच्यात शिरायचा. त्याला नीट पळताही यायचं नाही. तुम्ही सगळे त्याला बॉट म्हणायचात. मी अर्थ शोधला. खेळात गर्दी करण्यासाठी संगणकच चालवतो असा भिडू, ज्याच्यामागे माणूस नाही. नूब म्हटलं तर निदान तो नवखा आहे, उद्या शिकेल, एवढं तरी त्यात शिल्लक राहतं. बॉट म्हणताना समोरचा माणूसच खोडला जातो. आमच्याकडे एवढ्या पोराला कच्चा लिंबू म्हणत. तो पळणार, लपणार, ओरडणार, सगळं करणार, पण त्याच्यावर राज्य यायचं नाही. तो दुबळा आहे हेही त्या शब्दात होतं आणि तो आपल्यातला आहे हेही होतं. असा शब्द तुमच्याकडे नाही म्हणून मी मनातल्या मनात तुझ्यावर रागावले होते. तुला बोलले नव्हते, पण माझ्या चेहऱ्यावरून तुला कळलं असणार.

परवा चिकूला मी तेही विचारलं. बॉट म्हणायचे तेव्हा वाईट नाही का वाटलं? तो म्हणाला, “पहिल्यांदा वाटलं. पण मी नॉक झालो की ओमदादा ओरडायचा, आधी बॉटला उठवा रे, झोन येतोय. मला उठवताना तो स्वतः मरायचा. किती वेळा!” म्हणजे शब्द नसला तरी कच्चा लिंबू तुमच्यात होता. हे ऐकल्यावर मी बराच वेळ स्वयंपाकघरात गेले नाही. बॉट हा शब्द मला अजूनही रुचत नाही आणि रुचणार नाही. तुझ्या होस्टेलवर कुणी नवखा तुमच्यात खेळायला आला तर त्याला एकदा कच्चा लिंबू म्हणून बघ. विदर्भातली, कोकणातली मुलं आहेत ना तुझ्या मजल्यावर, सगळ्यांना कळेल.

वही मी तुझ्यासाठी ठेवली आहे. दिवाळीला आलास की बस माझ्याजवळ, काही शब्दांचे अर्थ मी अंदाजाने लिहिलेत, ते तपासून दे. ‘नर्फ’ मला सापडला. मऊ फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका, त्यांच्यावरून एखादं शस्त्र दुबळं करून टाकणं म्हणजे नर्फ करणं. पण तू एकदा आजीच्या तिखटाच्या आमटीबद्दल ‘आमटी नर्फ झाली’ म्हणाला होतास, ते डॉक्टरांनी तिखट कमी करायला सांगितल्यानंतरचं होतं का आधीचं, एवढं आठवून सांग.

काकांना मी अजून काही समजावलेलं नाही. चेतकच्या नंबरप्लेटचा पत्रा त्यांनी भंगारवाल्याकडून परत मागून घेतला आणि देवघराच्या मागे ठेवला आहे, हे मात्र मला काकूंनी सांगितलं.

आज सकाळी ग्रुपवर मागे मागे जाऊन मी तो फोटो शोधला आणि त्याच्याखाली एफ लिहिला. काकांचं लगेच आलं, “वहिनी, तुम्हीसुद्धा?” त्यांना उत्तर दिलेलं नाही. ते तू दे.

तुझी
आई