लवादाने ठरवलेल्या व्याजासाठी न्यायालयात जाणे थांबवावे : सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : बांधकामाच्या लवाद निवाड्यांतील व्याजदराविरुद्ध शासनाकडून होणारे न्यायालयीन अर्ज व अपिले

मा. महोदय,

सविनय नमस्कार. मी धुळ्यात सनदी लेखापाल म्हणून काम करतो. धुळे, जळगाव आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील लहान-मध्यम ठेकेदारांचे हिशेब वर्षानुवर्षे माझ्या टेबलावरून जात आले आहेत. रस्ते, लहान पूल, कालव्यांची अस्तरीकरणे, शाळाखोल्या अशी ही कामे असतात. त्या हिशेबांत जे दिसते त्यावरून आपल्याला एकच विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे : लवादाने (करारातील वाद न्यायालयाबाहेर सोडवण्यासाठी नेमलेल्या निवाडाकाराने) निवाडा दिल्यावर केवळ व्याजाचा दर कमी करून घेण्यासाठी खात्याने न्यायालयात जाऊ नये.

आपल्या भागातील एका ठेकेदाराची खातेवही माझ्यासमोर उघडी आहे. पांझरेकाठच्या एका रस्त्याचे आणि त्यावरील लहान पुलाचे काम त्याने पूर्ण केले, मोजमाप पुस्तिकेत (झालेल्या कामाच्या सरकारी नोंदवहीत) नोंदी झाल्या, त्याखाली सह्याही झाल्या, आणि नंतर अंतिम देयक निधी नाही म्हणून कार्यालयातच पडून राहिले. वहीच्या डाव्या पानावर त्या देयकाची येणे रक्कम वर्षानुवर्षे तशीच पुढे ओढलेली आहे. उजव्या पानावर मात्र दर महिन्याच्या अखेरीस एक ओळ न चुकता येते : कॅश क्रेडिट खात्यावरील (धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या फिरत्या कर्जावरील) व्याज नावे. बँक निधीची वाट पाहत नाही. हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकले की खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीताकडे झुकलेले कर्ज, ठरते, आणि मग पुढच्या निविदेसाठी लागणारी बँक हमीसुद्धा (गरज पडल्यास पैसे देण्याची बँकेची लेखी हमी) मिळत नाही. खडी, डिझेल आणि धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेल्या मजुरांची मजुरी त्याने त्याच खात्यातून केव्हाच भागवलेली असते. म्हणून लवादाकडून त्याला मिळणारे व्याज हा नफा नव्हे, त्याने बँकेला आधीच भरलेल्या पैशांची ती परतफेड आहे, आणि तीही बहुतेक वेळा अपुरी.

1996 च्या लवाद व सलोखा कायद्याच्या कलम 31(7) मध्ये व्याजाचे दोन टप्पे आहेत. वादाचे कारण घडल्यापासून निवाड्यापर्यंतचे व्याज, पक्षकारांमध्ये वेगळे ठरलेले नसेल तर, लवाद आपल्या विवेकाने वाजवी दराने देऊ शकतो. निवाड्यापासून प्रत्यक्ष पैसे हाती पडेपर्यंतच्या व्याजासाठी, निवाड्यात वेगळे सांगितले नसेल तर, पूर्वी थेट 18 टक्के दर होता. 2015 च्या दुरुस्तीने तो निवाड्याच्या दिवशीच्या प्रचलित व्याजदरापेक्षा 2 टक्के जास्त असा झाला. 18 टक्के आजच्या काळात जड होते हे मी मान्य करतो. सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये कर्नाटकातील कृष्णा भाग्य जल निगमच्या प्रकरणात, आर्थिक सुधारणांनंतर व्याजाचे चित्र बदलले आहे असे म्हणून, दर 18 वरून 9 टक्क्यांवर आणला होता. पण नव्या निवाड्यांपुरती ती तक्रार संसदेनेच 2015 मध्ये दूर केली आहे.

त्यानंतर प्रश्न उरला तो न्यायालयाच्या अधिकाराचा. कलम 34 खाली, म्हणजे निवाड्याला आव्हान देण्याच्या अर्जावर, न्यायालय निवाडा रद्द करू शकते, पण त्यात बदल करू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये हकीम प्रकरणात सांगितले. 2023 मध्ये लार्सन एअर कंडिशनिंग प्रकरणात उच्च न्यायालयाने 18 वरून 9 टक्क्यांवर आणलेला दर सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा 18 टक्के केला. मग 30 एप्रिल 2025 रोजी गायत्री बालसामी प्रकरणात पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने मर्यादित बदलाचा अधिकार मान्य केला. निवाड्यानंतरच्या व्याजात, वस्तुस्थिती तशी असेल तर, न्यायालय फेरफार करू शकते असे त्यात म्हटले आहे. लवाद सुरू असतानाच्या काळातील व्याजात मात्र न्यायालय स्वतः बदल करू शकत नाही. तो भाग आक्षेपार्ह वाटला तर तो रद्द करणे किंवा लवादाकडे परत पाठवणे एवढेच त्याच्या हाती आहे. मूळ वाद नोकरीतील नुकसानभरपाईचा होता, पण त्याचा परिणाम बांधकामाच्या प्रत्येक निवाड्यावर होणार आहे. माझी भीती अशी की अपवादासाठी उघडलेली ही वाट आपल्या खात्यात नित्याची होईल आणि प्रत्येक निवाड्यावर 'किमान व्याज तरी कमी होईल' असा शेरा मारून प्रकरण सरकारी वकिलांकडे जाईल.

यात शासनाचा फायदा तरी होतो का, हे आकड्यांत पाहावे. समजा, मूळ रक्कम 1 कोटी आहे आणि निवाड्यापर्यंतच्या तीन वर्षांचे व्याज 12 टक्क्यांनी 36 लाख झाले. हायडर कन्सल्टिंग प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या 2014 च्या निकालानुसार (त्या बहुमतात आपल्या नागपूरचे न्या. शरद बोबडे होते) पुढचे व्याज या एकत्रित 1 कोटी 36 लाखांवर चालते. ते 9 टक्क्यांनी धरले तर वर्षाला 12 लाख 24 हजार, म्हणजे दिवसाला सुमारे 3,350 रुपये होतात. आपले खाते कलम 34 चा अर्ज, त्यावरील निकालाविरुद्ध कलम 37 चे अपील आणि मग दिल्लीत सर्वोच्च न्यायालय असे पाच वर्षे लढले आणि अखेर जिंकून दर 7 टक्क्यांवर आणला, तर वाचले 13 लाख 60 हजार. मात्र त्याच पाच वर्षांचे व्याज म्हणून भरावे लागतील 47 लाख 60 हजार, वकिलांची फी वेगळीच. निवाडा मिळताच पैसे दिले असते तर या 47 लाख 60 हजारांतील एक रुपयाही द्यावा लागला नसता. खटला जिंकूनही जनतेच्या तिजोरीचे नुकसान होते, हे मला हिशेबनीस म्हणून अत्यंत अस्वस्थ करते.

अधिकारी हे जाणत नाहीत असे नाही. पैसे देण्याच्या टिपणीवर सही केली तर उद्या लेखापरीक्षणात आक्षेप निघेल, चौकशी लागेल, हे भय खरे आहे. अपील केले तर कुणी विचारत नाही. कार्यकारी अभियंत्याने अधीक्षक अभियंत्याकडे, तिथून वर मंत्रालयात, अशी धारिका फिरते आणि कुणीही नाही म्हणत नसल्यामुळे अपील दाखल होते. म्हणून हा निर्णय एकट्या अधिकाऱ्यावर न सोडता वित्त आणि विधी विभागाच्या समितीने ठरावीक मुदतीत घ्यावा. अपील करायचे असल्यास किती रक्कम वाचण्याची शक्यता आहे आणि तोवर किती व्याज चढेल, हे दोन्ही आकडे टिपणीत लिहिणे सक्तीचे करावे.

केंद्र सरकारने 2016 मध्येच आपल्या संस्थांना सांगितले की निवाड्याला आव्हान दिले तरी बँक हमी घेऊन 75 टक्के रक्कम ठेकेदाराला द्यावी. 2021 मध्ये हीच तरतूद केंद्राच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत आली. पश्चिम बंगाल शासनाच्या प्रकरणात 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केले की निवाड्याला स्थगिती मागताना सरकारला वेगळी वागणूक मिळणार नाही. हीच शिस्त आपल्या प्रत्येक विभागीय कार्यालयात दिसली पाहिजे. फक्त लहान ठेकेदाराला बँक हमीसाठी मार्जिन (बँकेत अडकवून ठेवायची रक्कम) आणि कमिशन दोन्ही भरावे लागते, तेव्हा मोजमाप मान्य असलेल्या रकमेपुरती हमीची अट शिथिल करावी.

निविदेतील 'कोणत्याही कारणाने व्याज देय होणार नाही' या अटीबद्दलही लिहिणे भाग आहे. अशी अट असेल तर लवादाला निवाड्यापूर्वीचे व्याज देता येत नाही, हे गर्ग बिल्डर्स प्रकरणात 2021 मध्ये पुन्हा स्पष्ट झाले. कायद्याच्या भाषेत ही पक्षकारांची संमती आहे. साक्री किंवा रावेरच्या ठेकेदाराला छापील निविदेतला स्वल्पविरामही बदलता येत नाही, तेव्हा ती संमती किती खरी आहे याचा विचार व्हावा. देयक मंजूर झाल्यानंतरच्या विलंबाला तरी ही अट लागू होणार नाही, अशी सुधारणा आपल्या अधिकारात आहे.

दर अवाजवी वाटत असेल तर त्याचा प्रतिवाद लवादासमोरच करावा. त्या काळातील बँकांचे दर आणि ठेकेदाराच्या कर्जखात्याचा उतारा मागवून खात्याने आपला दर पुराव्यानिशी मांडावा. व्याजाच्या मुद्द्यावर एक ओळीचा नकार देऊन मोकळे व्हायचे आणि पुढे औरंगाबाद खंडपीठात दर जास्त असल्याची तक्रार करायची, यात ठेकेदार कन्नडचा घाट चढून-उतरून दमतो आणि शासनाच्या डोक्यावरचे व्याजही वाढतच राहते.

सध्या तिन्ही जिल्ह्यांत आपल्या खात्याची जी प्रकरणे फक्त व्याजाच्या मुद्द्यावर प्रलंबित आहेत, त्यांची यादी मागवून ती मागे घेण्याचा निर्णय येत्या अर्थसंकल्पापूर्वी घ्यावा आणि त्यासाठी लागणारी तरतूद त्याच अर्थसंकल्पात करावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक सनदी लेखापाल, धुळे