रिमोटने बंद केल्यावरही मिणमिणणाऱ्या माळांबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार विभाग

विषय: लायटिंगच्या रिमोट बॉक्समध्ये फेज-न्यूट्रल उलटं जोडलेलं असणे, आणि तुमच्याकडून आलेलं उडवाउडवीचं उत्तर

नमस्कार साहेब,

मी सोलापूरचा, जुन्या गावठाणात राहतो. आमच्या बोळाच्या तोंडावरून गड्ड्याच्या जत्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज जातात, त्यामुळे दिवाळीला एकवेळ लायटिंग नसली तरी चालेल पण संक्रांतीच्या त्या चार दिवसांत घर उजळलेलं पाहिजे म्हणजे पाहिजेच. म्हणून तुमच्या सहा एलईडी माळा आणि तो रिमोटवाला बॉक्स असं मिळून 3,240 रुपयांचं सामान घेतलं. माळा चांगल्या आहेत, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तक्रार बॉक्सची आहे.

पहिल्याच रात्री साडेअकराला रिमोट दाबला, बॉक्समध्ये टक् आवाज आला, माळा बंद. खाली येऊन पडलो तर बायको म्हणाली अहो बंद केल्या का नाही, परत जिना चढून गच्चीवर गेलो, बघतो तर सगळ्या माळा मिणमिणतायत, म्हणजे उजेड पडत नाही पण एकेक दाणा दिसतोय. परत दाबला, परत तेच. त्या रात्री तीन वेळा जिना चढलो साहेब, माझं वय 63 आहे. सकाळी समोरच्या काकू म्हणतात रात्रभर लायटिंग चालू ठेवता, बिल लई येत असेल की ओ.

तुमच्या कस्टमर केअरला फोन केला. मुलगी गोड बोलली, म्हणाली सर एलईडीत थोडं ग्लो नॉर्मल असतं, तुमच्या घरात लिकेज असेल, इलेक्ट्रिशियनला दाखवा. आता हे ऐका, मी 22 वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो, मोटारी आणि स्टार्टर उघडण्यातच निम्मं आयुष्य गेलंय. तरी तुमच्या शब्दाखातर भाच्याला बोलावला, तो वायरमन आहे. त्याने सॉकेट तपासलं, समोरून बघितलं तर उजव्या भोकात फेज (म्हणजे करंटवाली वायर), डाव्यात न्यूट्रल (परतीची), वर अर्थिंग, सगळं जागच्या जागी. भिंतीवरचं बटण बंद केलं की माळा ठार बंद होतात, फक्त तुमच्या रिमोटने बंद केल्या की मिणमिणतात. मग लिकेज माझ्या घरात कसं? खात्रीसाठी बॉक्स आणि एक माळ शेजाऱ्यांकडे नेऊन लावली, तिथेही तेच.

अजून एक गोष्ट दिसली. जी माळ लोखंडी ग्रिलला बांधलेली ती जास्त चमकत होती आणि जी पारिजातकावर टाकलेली ती कमी. तिथेच मला शंका आली. जुन्या मिरची बल्बच्या माळांना हा प्रकार कधी दिसला नाही कारण त्यातली तार तापायला बऱ्यापैकी करंट लागतो, एलईडीला मात्र नखाएवढा करंट पुरतो. माळेत फेज राहिला की वायर आणि ग्रिल किंवा ओली भिंत यांच्यामधून तेवढा करंट जातोच, दिसायला काही जोडलेलं नसलं तरी. ईएलसीबी (लिकेज झालं की लाइन तोडते ती) पण पडत नाही, कारण ती 30 मिलीअँपला पडते आणि हा करंट त्याच्या कुठच्या कुठे कमी.

टेस्टर घेतला. रिमोटने बंद, आणि माळेच्या पिनेला टेस्टर लावला तर पेटला! म्हणजे बंद माळेत पूर्ण 230 व्होल्ट उभे आहेत आणि त्याच ग्रिलवर आमच्या सूनबाई ओले कपडे वाळत टाकतात. माळेचं आवरण एका ठिकाणी सोललेलं असतं तर काय झालं असतं ते तुम्हीच सांगा.

मग बॉक्स उघडला. चार स्क्रू, एक तुमच्या वॉरंटीच्या स्टिकरखाली, ते फाडावं लागलं. आतल्या बोर्डावर एल आणि एन अशी अक्षरं स्पष्ट छापलेली आहेत, आणि तपकिरी म्हणजे फेजची वायर एनवर सोल्डर केलेली, निळी म्हणजे न्यूट्रलची एलवर. रिले (रिमोटने टक् करून चालणारा आतला स्विच) एलच्या वाटेवर बसवलेला, म्हणजे डिझाइन करणाऱ्याचं बरोबर, जोडणाऱ्याचं चुकलं, आणि रिले न्यूट्रल तोडतोय, फेज सरळ माळेत. पक्कं करायला जुन्या एक्स्टेंशन बोर्डात फेज-न्यूट्रल मुद्दाम उलटं करून त्यात तुमचा बॉक्स लावला, आणि रिमोटने माळा एकदम ठार बंद झाल्या. नंतर बोर्ड लगेच सरळ केला, असले प्रयोग घरात कुणी करू नयेत.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर फोटोसकट पाठवलं तर तुमचं उत्तर काय, तर स्टिकर फाटलंय म्हणून वॉरंटी संपली, आणि ग्लो घालवायचा असेल तर कपॅसिटर लावा किंवा एक झिरोचा बल्ब जोडा. कमाल आहे! झिरोचा बल्ब मी लावून पण बघितला, 15 वॉटचा, मिणमिणणं बंद झालं, खरंय. पण टेस्टर तसाच पेटतोय ना. जिथे घरातल्याच वायरिंगमुळे किंवा इंडिकेटरवाल्या बटणामुळे एलईडी मिणमिणते तिथे हा उपाय चालतो, मी स्वतः दोन ठिकाणी केलाय. इथे मात्र तो लावला तर धोका तसाच राहणार आणि फक्त दिसायचा बंद होणार. मला मिणमिणण्याचा त्रास नाही हो, ती मिणमिणली म्हणून तर कळलं.

तर मला पुढच्या गोष्टी पाहिजेत. नवा बॉक्स नको, बॉक्सचे पैसे परत द्या, माळा मी ठेवतो. दुसरं म्हणजे माझ्या बॉक्सच्या लॉटमधले बाकीचे बॉक्स उघडून बघा, सोल्डर करणाऱ्याने एकच उलटा केला असेल असं मला वाटत नाही, आणि ज्यांनी घेतलेत त्यांना कळवा. स्टिकरचं कारण परत सांगू नका, न उघडता आतली चूक दिसणार कशी? 15 दिवसांत उत्तर आलं नाही तर ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर तक्रार करणार आणि पुढे ग्राहक आयोगात जाणार, ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये सदोष मालाची जबाबदारी कुणाची ते लिहिलेलं आहे.

यंदा भोगीला अक्षता सोहळ्याहून आल्यावर अंगातली बाराबंदी पण न काढता आधी गच्चीवर जाऊन प्लग उपटला, रोज रात्री हेच केलं, 3,240 रुपयांच्या सामानातला रिमोट खिशात ठेवून.

बॉक्स, फाटलेलं स्टिकर आणि चारही स्क्रू पिशवीत बांधून ठेवलेत. माणूस पाठवा, फक्त येण्याआधी फोन करायला सांगा, दुपारी 2 ते 4 मी झोपलेला असतो.

आपला,
एक ग्राहक, सोलापूर