अंगाच्या मापांचे तक्ते सगळ्यांना खुले करा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

सोलापुरात माझा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे. मागच्या वर्षी एका ठिकाणच्या महिला सुरक्षा रक्षकांसाठी आम्ही 140 जोड शिवून दिले. ऑर्डरीसोबत आलेला मापांचा तक्ता पुरुषांचाच होता, फक्त एकेक साइज खाली उतरवलेला. आठ दिवसांत 31 जोड परत आले. एक ताई तर शर्ट घालूनच आल्या. आमच्या कटिंग मास्तरांनी त्यांना हात वर करायला सांगितलं, तशी शर्टाची कड पट्ट्यातून पूर्ण बाहेर निघाली. खांद्याची शिवण दंडावर उतरलेली, छातीवर बटणं ताणलेली, आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायची खाच, एवढा खोल की काखेत कापड गोळा होत होतं. छाती एक वेळ शिवणीत सोडलेल्या जादा कापडातून, म्हणजे मायेतून, सैल करता येते. खांदा आणि मुंढा मात्र कापतानाच चुकलेले असतात, तिथे मास्तरही काही करू शकत नाहीत.

आमचं नुकसान कापडाचं झालं. हीच चूक गोळी अडवणाऱ्या चिलखतात झाली तर जिवावर बेतते. अमेरिकेच्या सैन्यात स्त्रिया वर्षानुवर्षं पुरुषांच्या मापाची चिलखतं घालत होत्या. खांद्याशी ती इतकी रुंद असत की बंदुकीचा दस्ता नीट टेकवता येत नसे, आणि खाली बसलं की पुढची प्लेट मांडीवर रुतत असे. खास स्त्रियांच्या बांध्याची चिलखतं तिथे 2012 मध्ये आधी चाचणीसाठी आली. आपल्याकडेही डीआरडीओच्या दिल्लीतल्या प्रयोगशाळेने केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या महिला जवानांसाठी दंगलीत अंगाचं रक्षण करणारा वेगळा साज तयार केला आहे. त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

असं काम टेपवर भागत नाही. टेप छातीचा घेर सांगते, पण तो घेर पुढे किती आणि पाठीकडे किती हे सांगत नाही. अख्ख्या अंगाचं स्कॅनिंग करणारं यंत्र काही सेकंदांत शरीराचा पूर्ण आकार टिपतं, उभं असतानाचा आणि बसलेला असतानाचाही. 1998 पासून अमेरिकेच्या हवाई दलाने मोटार, विमान आणि कपडे बनवणाऱ्या कंपन्यांना सोबत घेऊन हजारो सामान्य नागरिकांचं असं स्कॅनिंग केलं. युरोपातून त्यांनी हॉलंड आणि इटली निवडले, कारण नाटो देशांत सगळ्यांत उंच माणसं हॉलंडची आणि सगळ्यांत बुटक्यांपैकी इटलीची. खुर्ची असो की कॉकपिट, दोन्ही टोकांच्या माणसांना बसता यायला हवं, हा त्यामागचा विचार. आम्हा शिवणाऱ्यांना तो लगेच पटतो.

पण मला सांगायचं आहे ते पुढचं. 2010 ते 2012 या काळात अमेरिकी सैन्याने 4,082 पुरुष आणि 1,986 स्त्रियांची प्रत्येकी 93 मापं हातांनी घेतली, शिवाय स्कॅनही केले. यातले मापांचे आकडे, नावं काढून, 2017 मध्ये सर्वांसाठी खुले केले. आज कुठलाही कारखानदार ते इंटरनेटवरून फुकट उतरवून घेऊ शकतो. म्हणजे अमेरिकन बाईचा खांदा किती रुंद असतो हे मला सोलापुरात बसून कळतं.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने निफ्टकडे (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेकडे) सोपवलेल्या 'इंडियासाइज' मोहिमेत मुंबईसह सहा शहरांत 15 ते 65 वयाच्या 25 हजार भारतीयांना असंच मोजायचं ठरलं होतं. त्यातल्या मापांचे तक्ते नावांशिवाय, विनामूल्य आणि मराठीत आमच्यासारख्यांच्या हाती द्यावेत, ही माझी मंत्रालयाला विनंती आहे. स्कॅनच्या प्रतिमा कुणी मागू नयेत आणि सरकारने त्या देऊही नयेत. तो त्या माणसाच्या अंगाचा प्रश्न आहे, आणि आम्हाला आकडे पुरतात. पैसे भरूनच तक्ता मिळणार असेल तर तो मोठ्या ब्रँडकडे जाईल. आम्ही पुन्हा पुरुषांची मापं छाटून बायकांचे शर्ट कापू.

आणखी एक. पुढच्या फेरीत यंत्र सोलापुरातही यावं. रोज तासन्‌तास मांडी घालून बिड्या वळणाऱ्या आमच्या बायकांची पाठ आणि खांदे मुंबईतल्या मापांत सापडतील, असं मला वाटत नाही.

तोवर मास्तरांनी महिला रक्षकांसाठी नवा पॅटर्न काढला आहे. कारखान्यातल्याच 14 जणींना टेपने मोजून.

आपली,
एक गणवेश उत्पादक, सोलापूर