साकव आधी, सेल्फी पॉइंट मग : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रीमहोदय,
महाराष्ट्र शासन, मुंबई.

विषय : सुरगाणा तालुक्यातील एका खोऱ्यात आपण जाहीर केलेला आणि अद्याप न बांधलेला साकव, म्हणजे ओहळावरचा छोटा पूल.

सप्रेम नमस्कार.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. माझी नाही. उजव्या घोट्यात प्लेट आणि सहा स्क्रू घालून, पाय दोन उशांवर ठेवून हे पत्र लिहिते आहे. मी नाशिकची, निवृत्त शिक्षिका. भूगोल शिकवायचे. कोणत्याही पक्षाची नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण हल्ली रस्त्यातला खड्डा दाखवला तरी "तुम्ही कोणाच्या?" हाच प्रश्न आधी येतो.

गेल्या जानेवारीत आपण त्या खोऱ्यात आला होतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथल्या ग्रामसेवकाला नोटीस जाईल आणि साकव आहे तिथेच राहील, म्हणजे कागदावर. खूण पटावी म्हणून सांगते : बोरगाव सोडून आत वळलं की तासाभराने गुजरातच्या बाजूचे डोंगर दिसायला लागतात, तो भाग. कोकणा आदिवासींची वस्ती, चार पाडे, मधून ओहळ. पहिल्या पाड्यावर आपला मांडव होता. मी मागच्या खुर्च्यांवर बसले होते, कारण त्या गावातल्या एका घरी मी बऱ्याच वर्षांपासून जाते, राहते, आणि त्या घरच्या मावशींनी "मंत्री येणार, तुम्हीपण या" असा निरोप धाडला होता.

आपण काय बोललात ते शब्दशः आठवत नाही, पण मथितार्थ सगळ्या गावाच्या लक्षात आहे. पुढच्या पावसाळ्याआधी ओहळावर साकव होणार, पलीकडच्या पाड्यांना रस्ता होणार, घराघरात पर्यटक येऊन राहणार आणि पोरांना कामासाठी गाव सोडावं लागणार नाही. टाळ्या जोरात पडल्या.

मग काय झालं तेही सांगते, कारण आपल्याला फाइलीतून वेगळंच कळत असेल. डांबर झालं, मांडव होता तिथपर्यंत. मांडवाच्या खांबाचे खड्डे अजून दिसतात आणि डांबर बरोबर त्यांच्याशी येऊन थांबलंय. त्या टोकाला एक सेल्फी पॉइंट उभा राहिला : गावावर प्रेम असल्याची लाल अक्षरं आणि खाली स्टीलचं रेलिंग. ओहळ तिथून अर्धा किलोमीटर खाली. त्यावर रेलिंग सोडाच, सागाचे दोन ओंडके होते तेच आहेत, त्यातला एक कुजलाय. म्हणजे स्टील आणता येत होतं, वेल्डिंगवाला आणता येत होता, फक्त जिथे माणूस पडतो तिथे नाही.

मी भाद्रपदात गेले होते. नाशकात हमरस्त्याला मोठं होर्डिंग लागलं होतं, "आदिवासी संस्कृती अनुभवा", त्यावर पावरी वाजवणारा माणूस आणि मागे हिरवागार डोंगर. म्हटलं, शासन बोलावतंय तर रस्ताही केला असेल. रात्री पाऊस झाला होता. ओंडक्यावरून माझ्या पुढे मावशी डोक्यावर दोन हंडे घेऊन गेल्या, अनवाणी, बोलत बोलत. माझ्या पायाखालचा ओंडका फिरला. घोट्यातून आवाज आला तो मी ऐकला.

पुढचं जरा सविस्तर लिहिते, कारण हा भाग होर्डिंगवर नव्हता. मोबाइलला रेंज नाही. रेंजसाठी एक पोरगा टेकडीवर पळाला. तोवर चौघांनी लांब बांबू आणला, त्याला गोधडी बांधली. गाठ मारायला जुन्या लुगड्याची पट्टी, ती आधीपासून बांबूला गुंडाळलेलीच होती. म्हणजे हा बांबू राखीव आहे. खांदा बदलताना ते एकमेकांना काही सांगत नव्हते. एकाने मान वाकडी केली की दुसरा आपोआप आत यायचा. चिखलाच्या चढावर एकदाही झोळी हेलकावली नाही. मी विचारलं, इतकी सवय कशी? तर म्हणाले, बाळंतिणी न्यायच्या असतात ना. एक सात-आठ वर्षांचा पोरगा माझ्या चपला हातात धरून डांबरापर्यंत मागे मागे आला. त्याच्या स्वतःच्या पायात काही नव्हतं.

रुग्णवाहिका आली, पण अर्थातच सेल्फी पॉइंटपर्यंत. जवळच्या आरोग्य केंद्रात कुलूप. पुढच्या दवाखान्यात एक्स-रेचं मशीन आहे, प्लास्टिकचं आवरणसुद्धा काढलेलं नाही, चालवणारा मात्र आठवड्यातून ठरावीक वारी येतो. मग घाटाच्या रस्त्याने नाशिक. प्रत्येक वळणाला माझा पाय मला वेगळा कळत होता. ऑपरेशन, पाच दिवस खाटेवर, एक लाख ऐंशी हजारांचं बिल. विमा कंपनीला अपघाताच्या जागेचा पूर्ण पत्ता हवाय, पिनकोडसह. ओहळाला पिनकोड नसतो, हे त्यांना तीनदा लिहून झालं. आता म्हणतात, पंचनामा आणा. कुजक्या ओंडक्याचा पंचनामा कोण करतं, हे आपणच कळवावं.

आणि घरचं विचारू नका. दीड महिना पाय खाली टेकायचा नाही. आंघोळीला प्लास्टिकचं स्टूल, रात्री उठायचं तर वॉकर खडखडला की सगळं घर जागं. मुलगा रोज ऐकवतो, "या वयात कशाला जायचं तिकडे?" शेजारच्या बाई तर म्हणाल्या, "त्यापेक्षा सापुताऱ्याला जायचं, रस्ता चांगला आहे." हे मात्र मला पायापेक्षा जास्त लागलं. कारण खरं आहे. डोंगर तोच, पाऊस तोच, माणसं एकमेकांच्या सोयरिकीतली. हद्द ओलांडून गुजरातेत गेलं की गाडीचे धक्के बंद होतात. २०२२ च्या अखेरीला सुरगाण्याच्या सीमेवरच्या गावांनी "आम्हाला गुजरातमध्ये टाका" म्हणून मागणी केली, तेव्हा आपल्याकडे केवढी अस्मिता जागी झाली होती! बैठका झाल्या, अधिकारी धावले, आश्वासनं दिली. अस्मिता पुन्हा झोपली, ओंडका तिथेच.

पाय अडकून पडल्यावर दुसरं काम नव्हतं, म्हणून फोन लावत बसले. एका कार्यालयातून सांगितलं, ती वनजमीन आहे, वनखात्याची हरकत येते. साहेब, मी निवृत्त झाले आहे, वाचायची सोडलेली नाही. २००६ चा वनहक्क कायदा, कलम ३(२). ग्रामसभेने शिफारस केली तर शाळा, अंगणवाडी, दवाखाना, पिण्याचं पाणी, रस्ता अशा १३ सोयींसाठी, प्रत्येक कामाला एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते; अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत. तो साकव आणि त्याला जोडणारा तुकडा मिळून एक हेक्टर होत नाही. क्षेत्रफळ काढायला मी पोरांना शिकवलंय. ग्रामसभेचा ठराव झालेला आहे, मी स्वतः पाहिला, अंगठे आणि सह्या आहेत. शिवाय सुरगाणा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, म्हणजे आदिवासी क्षेत्रातला तालुका, तिथे ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा पेसा कायदा आहे, त्याचे नियम आपल्याच राज्याने २०१४ ला केले. ग्रामसभा म्हणजे सर्वेसर्वा असं आपण भाषणात म्हणता. मग तिच्या ठरावाला उत्तर म्हणून पोचसुद्धा येत नाही ती कशी?

दुसऱ्या कार्यालयाने विषयच बदलला. म्हणाले, होमस्टेची योजना आली आहे ना, गावाला सांगा अर्ज करायला. तीही वाचली. आदिवासी गावांसाठी २ ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेल्या केंद्राच्या धरती आबा अभियानात देशभर १००० आदिवासी होमस्टे उभारायचे आहेत. नव्या बांधकामाला घरामागे ५ लाखांपर्यंत, दुरुस्तीला ३ लाखांपर्यंत, गावाच्या सामाईक सोयींना ५ लाख. उत्तम. मावशींच्या घराला कुडाच्या भिंती आहेत, शेणाने इतक्या गुळगुळीत सारवलेल्या की हात फिरवावासा वाटतो. कोपऱ्यात नागलीची कणगी, चुलीवर भाकरी, जोडीला खुरासणीची चटणी. या घराला दुरुस्ती लागतच नाही. लागतो तो त्या घरापर्यंत जायचा साकव, आणि तो होमस्टेच्या कोणत्याच रकान्यात बसत नाही. बरं, बांधायचं म्हटलं तर सिमेंटची गोणी ओंडक्यावरून कोण आणणार? त्याच बायका, हंडे उतरवून.

मला कुणी असं समजू नये की लोकांनी तिथे जाऊ नये. जावं. राहण्या-जेवण्याचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात द्यावे. पण या खोऱ्याकडे आपण देखावा म्हणून बघतो, त्यात माणसं राहतात हे आपल्याला फोटो काढताना आठवतं, ओहळावर साकव बांधताना आठवत नाही, एवढंच मला म्हणायचंय. आपल्या कार्यक्रमात डोंगऱ्यादेवाचा नाच ठेवला होता. डोंगऱ्यादेव मार्गशीर्षात बसतो. ते व्रत आहे, पथ्यं पाळतात, भगत असतो, डोंगरावर जातात. कार्यक्रम होता जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात. देवाच्या तारखा मंत्रालयातून लागायला लागल्या हे मला नवीन होतं. पावरीवाले आजोबा मांडवात नुसते वाजवत राहिले, "अंगात आणा" म्हणून कुणीतरी माइकवरून सांगितलंसुद्धा. त्यांनी आणलं नाही. मला बरं वाटलं.

आता पायाचं दुखणं बाजूला ठेवते, तसंही ते राहत नाही. पैसा नाही असं कृपया म्हणू नका. याच खोऱ्यांतलं पाणी गिरणा नदीकडे न्यायच्या नार-पार-गिरणा प्रकल्पाला २०२४ मध्ये ७ हजार १५ कोटींची मंजुरी देता आली. पाणी इथून उचलायला हजारो कोटी, आणि इथल्या बाईला पाणी घेऊन घरी पोचायला दोन ओंडके. इगतपुरीच्या बाजूचं तेच : ऊर्ध्व वैतरणेचं पाणी मुंबई पिते, भोवतीचे पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. त्र्यंबक तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवरच्या लाकडी बल्ल्यांवरून पाणी आणतात, असे फोटो २०२२ च्या जानेवारीत छापून आले. भराभर लोखंडी पूल बसवला, पुन्हा फोटो झाले, आणि त्याच जुलैच्या पुरात पूल वाहून गेला. पुराची उंची गावाला विचारली असती तर एका म्हाताऱ्याने हात वर करून दाखवली असती. २०२३ च्या जुलैत इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीतली गरोदर बाई रस्ता नाही म्हणून गेली. तेव्हाही हळहळ व्यक्त झालीच.

२०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्यात १५ लाखांवर आदिवासी आहेत, म्हणजे दर चार माणसांत एक. आदिवासी विकास आयुक्तालय आमच्या नाशकातच आहे. मे २०२५ मध्ये आदिवासी विकासाच्या निधीतले ३३५ कोटींच्या वर लाडक्या बहिणींकडे वळवल्याच्या बातम्या आल्या. बहिणी त्या पाड्यावरही आहेत बरं का. पंधराशे त्यांच्याही खात्यात येतात, फक्त ते काढायला ओहळ ओलांडावा लागतो. आणि आता सिंहस्थ. घाट होतील, रिंगरोड होईल, साधूंच्या पावलांखाली काँक्रीट येईल, माझी ना नाही. पण २०१८ च्या मार्चमध्ये ह्याच डोंगरांतली माणसं शेतकऱ्यांच्या मोर्चात नाशिकहून मुंबईपर्यंत १८० किलोमीटर चालत आली होती, फुटलेल्या तळव्यांचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. दहावीची परीक्षा होती, पोरांना त्रास नको म्हणून ही माणसं रात्रीतून आझाद मैदानाकडे चालली. मुंबईला त्रास होऊ नये याची काळजी त्यांनी केली. त्यांना त्रास होऊ नये याची कोणी केली?

मागणी फार नाही. साकवाला कार्यारंभ आदेश द्या आणि तो ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहून. उंची ठरवताना पलीकडच्या पाड्यातल्या लोकांना उभं करून विचारा. आरोग्य केंद्राचं कुलूप उघडा. माझ्या बिलाचं काय करायचं ते मी आणि विमा कंपनी बघू, आमचं भांडण आता रंगात आलंय.

आणखी एक. भूमिपूजनाला कृपया येऊ नका. जानेवारी हा द्राक्षांचा महिना. गावातली निम्मी माणसं तेव्हा निफाड-दिंडोरीच्या बागांत कामाला असतात. गेल्या वेळी आपल्या मांडवात गर्दी दिसावी म्हणून त्यांना निरोप धाडून बोलावून घेतलं. यायचा एक दिवस, कार्यक्रमाचा एक, परत जायचा एक. पन्नासेक माणसं होती, मावशींचा मुलगा आणि सून धरून. बागेतली मजुरी जास्त असते, पण आपण रोजगार हमीचाच २०२५-२६ चा दर धरू, ३१२ रुपये. तीन दिवसांचे माणशी ९३६, पन्नास माणसांचे ४६ हजार ८००. साकवाला वेळ लागणार असेल तर तोवर एवढे तरी पाठवून द्या. यादी ग्रामसभा देईल.

आपली,
नाशिकची एक निवृत्त शिक्षिका