‘घरात कुणाला?’ एवढेच नको, ‘कितव्या वर्षी?’ हेही विचारा

मा. संपादक,

तिशी ओलांडलेल्यांना दीर्घकालीन आजारांचा धोका किती, हे गुणांवरून जोखणारा जो सीबॅक फॉर्म आशाताई घरोघरी भरतात, त्यात एक प्रश्न असतो : आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार आहे का? उत्तर हो किंवा नाही. हो म्हटले की दोन गुण. या प्रश्नाला दोनच शब्द जोडावेत, अशी आमची कळकळीची विनंती आहे : कितव्या वर्षी?

वडिलांना पंच्याहत्तरीत हार्ट अटॅक आला आणि वडिलांना 48व्या वर्षी आला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात मोठा वाटा वयाचा आणि सवयींचा. दुसऱ्यात जनुकांचा संशय घ्यायलाच हवा. वडील किंवा भाऊ असेल तर 55च्या आत, आई किंवा बहीण असेल तर 65च्या आत लागलेला हृदयविकार डॉक्टर ‘लवकरचा’ धरतात. एका आनुवंशिक दोषात तर वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, जन्मापासूनच चढलेले असते. हा दोष साधारण 250 माणसांत एकाकडे असतो आणि प्रत्येक अपत्यात उतरण्याची शक्यता निम्मी. मोठ्या माणसाचे एलडीएल 190च्या पुढे गेले, की भावंडे आणि मुले सगळ्यांचीच तपासणी व्हायला हवी. त्यावर औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हावे लागते. फॉर्मवर मात्र दोन्ही घरांना सारखेच दोन गुण.

दुसरी चूक ओसरीवर होते. फॉर्म सासरी भरला जातो. ‘घरात कुणाला शुगर?’ म्हटले की सून सहज सांगते, ‘सासूबाईंना आहे.’ सासूची जनुके सुनेत येत नाहीत. तिच्या माहेरचे विचारायला हवे. तरीही सासूची साखर अगदीच गैरलागू नाही, कारण चूल एक, तेलाचा डबा एक, मिठाचा हात एक. कोट्यवधी लोकांच्या वंशावळी तपासून 2018मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लग्नाने जोडलेल्या नातेवाइकांच्या आयुर्मानातही साम्य आढळले. जोडीदार निवडताना माणसे आपल्यासारखेच स्थळ पाहतात, हे हिशेबात धरल्यावर माणसामाणसांच्या आयुर्मानातल्या फरकात जनुकांचा वाटा 10 टक्क्यांच्या खाली आला. म्हणून दोन्ही नाती लिहावीत, पण वेगवेगळ्या रकान्यांत.

या टक्केवारीबद्दल मोठा गैरसमज आहे. डेन्मार्कमध्ये 1870 ते 1900 या काळात जन्मलेल्या 2872 जुळ्यांच्या जोड्यांवरून 1996मध्ये हा वाटा पुरुषांत 26 आणि स्त्रियांत 23 टक्के निघाला होता. त्यावरून ‘पाव आयुष्य रक्तात, पाऊण आपल्या हातात’ असे सर्रास सांगितले जाते, ते चूक आहे. मिसळलेल्या वाणांचे ज्वारीचे बी एकाच पोत्यातून घेऊन एक ओंजळ कृष्णाकाठच्या मळीच्या रानात पेरली आणि दुसरी जतच्या माळावर, तर एका रानातली कणसे लहानमोठी होतात ती मुख्यतः बियाण्यामुळे. पण दोन रानांतला फरक माती-पाण्याचा असतो. टक्केवारी सांगते ती एका रानातल्या फरकाची, तीही त्या हंगामापुरती. ज्वारीच्या एकट्या ताटाचे किती बियाण्याचे आणि किती पाण्याचे, हे ती सांगत नाही. दीर्घायुष्याशी संबंध जोडलेली फॉक्सो-3सारखी जनुके आहेत, पण त्यांचा परिणाम थोडा आहे. आयुष्य सांगणाऱ्या जनुक-चाचणीवर पैसे घालण्याआधी कोलेस्टेरॉल आणि साखर तपासावी.

माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी तालुक्यांसाठी आणखी एक प्रश्न हवा : जन्म कोणत्या साली? नेदरलँड्समध्ये 1944-45च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. तेव्हा पोटात असलेल्यांची पन्नाशीत तपासणी केली, तर साखर पचवण्याची क्षमता कमी भरली. उपासमारीच्या काळात गर्भ राहिला होता, अशांचे साठ वर्षांनी रक्त तपासले, तर सख्ख्या भावंडांच्या तुलनेत एका वाढीच्या जनुकावरच्या, त्याचे काम कमीजास्त करणाऱ्या रासायनिक खुणा कमी आढळल्या. जनुक तेच, खुणा बदललेल्या. आपल्याकडे 1972च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या, सुकडीवर दिवस काढणाऱ्या आयांच्या पोटी जन्मलेली पिढी आज पन्नाशी ओलांडून आहे. तिची साखर आवर्जून तपासली जावी.

वजनकाट्यावर विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिले, की पुण्याजवळच्या गावांतील नवजात बाळे सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनची 3.5 किलोची, पण आपल्या बाळांत स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून. म्हणून आपल्याकडे कंबर अधिक बोलते. पुरुषांना 90 आणि स्त्रियांना 80 सेंटिमीटरपर्यंत ठीक. टेप शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, अंगाला लागून, सहज श्वास सोडल्यावर धरावी. निऱ्यांवरून किंवा पँटच्या पट्ट्यावरून घेतलेले माप खोटे येते, आणि तपासणीच्या गर्दीत नेमके तसेच घेतले जाते.

राहिला वयाचा प्रश्न. जुन्या माणसांना आजाराचे साल आठवत नाही, म्हणून हा रकाना रिकामा राहील, अशी शंका कुणी घेईल. तेव्हा साल विचारूच नये. कोयनेच्या भूकंपाच्या आधी की नंतर, बाहत्तरच्या दुष्काळात की त्यानंतर, 2005चा महापूर आला तेव्हा गोळी चालू होती का, 2019च्या महापुरावेळी इन्सुलिन होते का, असे विचारावे. भूकंप 11 डिसेंबर 1967चा. बाकी वजाबाकी आशाताईंना जमते. आणि मृत्यूचे वय नव्हे, आजार पहिल्यांदा कळला ते वय लिहावे.

आपले,
जीवशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक, कराड (जि. सातारा)